पंचांची टोपी

शाळेच्या वार्षिक अंकासाठी काही लिहावे असा निरोप आला, म्हणजे माजी विद्यार्थ्याने आपल्या यशाची एखादी हकीकत सांगावी, असा एक अलिखित रिवाज आहे. मी मात्र आज तुम्हांला माझ्या एका शिक्षेची हकीकत सांगणार आहे. ती शिक्षा शाळेने दिलेली नव्हती. कुस्तीच्या मैदानाने दिलेली होती. शाळेत मिळालेले गुण आज मला धड आठवत नाहीत. पण त्या शिक्षेतला शब्द न् शब्द अजून ध्यानात आहे.

२००८ साल होते आणि मी दहावीत होतो. तिगाव हे आमचे गाव. पांढुर्ण्याहून आमल्याकडे निघालेली आगगाडी तिगाव सोडले की घाट चढू लागते. खाली संत्र्यांच्या बागा, कपाशीची शेते आणि त्यांच्या कडेला आमचा आखाडा. आखाडा म्हणजे टिनाचे छप्पर, शेंदूर फासलेला मारुती आणि हळद, तेल व ताक घालून मऊ केलेली तांबूस माती. सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीला नारळ फोडल्याखेरीज आमच्यातला कोणी नव्या हंगामाची पहिली कुस्ती खेळत नसे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर महाराष्ट्राच्या बाजूला गेले आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, हे आम्ही इतिहासात शिकलो होतो. परंतु कुस्तीच्या वार्तेसाठी आमचे कान अजून नागपूर-कोल्हापूरकडेच लागलेले असत.

त्या वर्षी कुस्तीला जणू नवा बहर आला होता. बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये भारताला कुस्तीचे कांस्यपदक मिळाले होते. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर तब्बल ५६ वर्षांनी हा योग आला होता. आम्ही पोरे तर हवेतच चालत होतो. त्याच ऑलिंपिकमधली आणखी एक बातमी गुरुजींनी वर्गात वाचून दाखवली. आंगेल मातोस नावाचा क्यूबाचा एक तायक्वांदोपटू होता. २००० साली सिडनीला सुवर्णपदक जिंकलेला हा खेळाडू बीजिंगला कांस्यपदकाच्या लढतीत जखमी झाला. उपचारासाठी नियमाने एक मिनिट मिळते. ते उलटले, आणि पंचांनी लढत थांबवून प्रतिस्पर्ध्याला विजयी ठरवले. तेव्हा या पठ्ठ्याने पंचांच्या तोंडावरच लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या मार्गदर्शकावर जन्माची बंदी आली. बातमी ऐकून आम्ही खदखदा हसलो. एवढा मोठा खेळाडू आणि एवढा मूर्ख कसा, असे मीच मोठ्याने म्हणालो होतो.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. पोळा झाला आणि पंचक्रोशीतल्या एका गावी कुस्त्यांची दंगल भरली.

माझी कुस्ती शेजारच्या भागातल्या एका मुलाशी लागली. तो वजनाने माझ्याएवढाच, पण अंगाने चपळ होता. सलामी झाली. चारपाच मिनिटे आम्ही एकमेकांना अजमावत राहिलो. मग पट काढण्यासाठी मी खाली वाकलो, तोच त्याने माझी मान काखेत पकडून ढाक लावली आणि मी उलटा झालो. डावा खांदा मातीला लागला, हे मला कळले. उजवा मात्र मी उचलून धरला होता. मान मातीत रोवून अंगाची कमान केली होती. आता फिरायचे आणि वर यायचे, एवढाच विचार मनात होता. इतक्यात शिट्टी वाजली. पंचांनी त्याचा हात वर केला. मी चीत झालो होतो.

पंच म्हणजे साठी उलटलेले एक जुने मल्ल होते. पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी असा त्यांचा वेष. त्यांच्यासमोर उभा राहून मी ओरडलो, ‘खांदा लागला नाही!’ त्यांनी शांतपणे मान हलवली. पुढचे मला नीट आठवत नाही, असे मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे. पण ते खरे नव्हे. मला सारे आठवते. मी दोन्ही हातांनी त्यांच्या छातीला धक्का दिला. ते मागे कोलमडले, आणि त्यांची टोपी मातीत पडली. सोडवायला धावलेल्या कोणाचा तरी पाय त्या टोपीवर पडला.

मैदान एकदम गप्प झाले. खेड्यात म्हाताऱ्या माणसाची टोपी भर मैदानात मातीला लागणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून समितीचा निर्णय आला: एक वर्षपर्यंत, पुढच्या पोळ्याची दंगल धरून, या मुलाला मैदानात उतरता येणार नाही, आणि आसपासच्या दंगलसमित्यांनीही त्याची कुस्ती लावू नये, अशी विनंती.

घरी आलो तो संतापाने पेटूनच. आई काही बोलली नाही. काका मात्र माझ्याहून अधिक तापले. ‘आपल्या पोराला भर मैदानातून हाकलतात म्हणजे काय?’ असे म्हणून त्यांनी चार माणसे गोळा केली आणि समितीकडे जायचे ठरवले. आपला तो आपला, मग त्याने काही का केलेले असेना, ही आपल्याकडची रीत. सोबत म्हणून ते आमच्या उस्तादांना बोलवायला गेले. उस्ताद आखाड्यात बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘आधी तू जा अन् त्यायची माफी माग.’

मी म्हणालो, ‘उस्ताद, खांदा लागलाच नव्हता. मग मी माफी कशाची मागू?’

उस्ताद म्हणाले, ‘खांद्याची नको मागू. हाताची माग.’

या पाच शब्दांचा अर्थ कळायला मला एक वर्ष लागले. त्या दिवशी मी माफी मागायला गेलो नाही. काकांची मंडळीही उस्तादांवाचून गेली नाही. बंदी कायम राहिली.

उस्तादांनी मला आखाड्यातून मात्र काढले नाही. मैदानाचे दार बंद झाले होते, आखाड्याचे उघडेच होते. रोज पहाटे उठून मी माती खणत असे, तिच्यातले खडे वेचत असे, पाणी शिंपडत असे. लहान मुलांना जोर-बैठका शिकवीत असे. दंगलींचे आमंत्रण आले की बाकीचे लंगोट पिशवीत घालून निघत आणि मी मारुतीला दिवा लावायला मागे राही. प्रारंभी मला हा अपमान वाटे. पुढे पुढे मात्र एक गोष्ट ध्यानात आली. मातीत मिळवलेले माझे इनाम, माझे नाव, गावात मिळणारा मान हे सारे त्या मैदानातूनच आलेले होते; आणि मैदान म्हणजे तरी काय? दोन मल्ल, चार हात माती, आणि एक माणूस, ज्याचा शब्द दोघांनीही आधीच मान्य केलेला असतो. त्यातला तिसरा काढला की उरते ती मारामारी.

याच सुमारास माझा एक मित्र थट्टेने म्हणाला, ‘तुला कुस्तीत बंदी असली म्हणून काय झाले? गोटमारीला चल. तिथे पंचही नाही अन् बंदीही नाही!’ सगळे हसले. मला मात्र त्या थट्टेने विचारात पाडले.

पांढुर्ण्याची गोटमार तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊकच आहे. अंक बाहेरगावी जातो म्हणून थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात व त्याला झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव होतो. जो पक्ष झाड तोडून आणील तो विजयी, आणि तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी पळून जाताना याच पात्रात दगडांखाली सापडली, अशी त्यामागची दंतकथा सांगतात. वर्षानुवर्षे या खेळात शेकडो माणसे जखमी होत आली आहेत आणि कित्येकांनी प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने गोफणीला मनाई केली, जमावबंदीचे हुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. तरी दगड थांबले नाहीत.

असे का व्हावे? मला वाटते, तेथे बंदी घालायची तर ती कोणावर, हाच प्रश्न आहे. पंच नाही, म्हणून चूक कोणाची हे ठरत नाही. दगड कोणी मारला हे मारणाऱ्यालाच ठाऊक. मग उरतो तो बाहेरून आलेला सरकारी हुकूम, आणि तो खेळणाऱ्यांनी मनातून कधी स्वीकारलेला नसतो. कुस्तीत एका अविचारी मुलाला वर्षभर बाहेर ठेवता येते आणि त्यामुळे बाकीच्यांची कुस्ती सुरक्षित राहते. गोटमारीत कोणालाच बाहेर ठेवता येत नाही. म्हणून सगळ्यांचीच डोकी धोक्यात असतात. मला मिळालेली बंदी ही माझ्यावर उगारलेली काठी नव्हती. ते मैदानाचे कुंपण होते आणि कुंपणाच्या आत राहण्याची इच्छा असणाऱ्यांनीच ते घातले होते. हे कळल्यावर माझा संताप ओसरला. पण उजव्या खांद्याची खंत गेली नाही. खांदा लागला नव्हता, याविषयी माझी खात्री तितकीच पक्की होती.

पुढचा पोळा आला. त्याच गावी दंगल भरली. उस्ताद म्हणाले, ‘चल माझ्यासंगं. खेळायचं नाही, बघायचं.’ मैदानात तेच पंच उभे होते. डोक्यावर टोपीही तीच होती. धुऊन पांढरी केली होती, तरी कडेला तांबूस डाग राहिलाच होता. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळखीची मान हलवली. लहान मुलांच्या कुस्त्या लागल्या, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाले, ‘पोरा, तू त्या अंगानं बस. खांद्यावर नजर ठेव. मी विचारीन तेव्हा सांगजो.’

मी मातीत गुडघे टेकून बसलो. बाराएक वर्षांची दोन मुले एकमेकांना भिडली. इतक्या जवळून आणि बाहेरून मी कुस्ती पूर्वी कधी पाहिली नव्हती. माती उडत होती. एकाच्या पायाआड दुसऱ्याचा खांदा जात होता. घाम आणि माती यांनी अंगे अशी माखली होती की कोणता हात कोणाचा हेही कळेना. अचानक एक मुलगा पाठीवर आला. अर्धा क्षण, त्याहूनही कमी, आणि पंचांचा आवाज कानावर आला: ‘लागला?’

मी म्हणालो, ‘लागला.’

शिट्टी वाजली. खालच्या मुलाने उठून माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली. गेल्या वर्षी ती माझीच होती. तो ओरडला नाही, त्याने धक्का दिला नाही. ओठ घट्ट मिटून माती झाडली आणि चालू लागला. त्याचा खांदा खरोखर लागला होता का? जे मला दिसले ते मी सांगितले. पण आजही मी ते शपथेवर सांगू शकणार नाही.

कुस्त्या संपल्यावर मी पंचांजवळ गेलो. माझ्या पिशवीत पांढुर्ण्याच्या बाजारातून आणलेली एक नवी टोपी होती. सकाळपासून ती काढण्याचा धीर झाला नव्हता. मी म्हणालो, ‘काका, मला क्षमा करा. मी हात टाकायला नको होता.’ खांद्याविषयी मी एक शब्दही काढला नाही. तो त्यांनीच काढला. ते म्हणाले, ‘आज तुले जेवढं दिसलं ना, तेवढंच मलेही दिसलं होतं.’

मग त्यांनी नवी टोपी डोक्यावर घालून पाहिली. ‘थोडी ढिली होते,’ असे म्हणून हसले. पण संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या डोक्यावर होती.

ही हकीकत मी इतकी वर्षे मनातच ठेवली होती. ती लिहावीशी वाटली त्याला कारण घडले ते २०२५ साली. २ फेब्रुवारीला अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अखेरच्या लढती झाल्या. १९६१ पासून चालत आलेली ही स्पर्धा. तिची गदा खांद्यावर घेणे हे मराठी मल्लाचे आयुष्यभराचे स्वप्न. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. त्याने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड हा गुणाच्या वादावरून काही क्षण शिल्लक असताना मैदान सोडून गेला. त्यानेही पंचांना अपशब्द वापरले. मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला आणि त्या दोघा मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. राक्षे हा पूर्वी हीच गदा जिंकलेला मल्ल आहे. ती दृश्ये पाहताना इतरांबरोबर मी हसू शकलो नाही. मला उडालेली माती दिसली आणि मातीत पडलेली टोपी दिसली.

लोक विचारू लागले: खांदे टेकले होते की नव्हते? हा प्रश्न योग्यच आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पंच माणूसच असतो आणि त्याचीही नजर चुकते. म्हणूनच जागतिक कुस्तीच्या नियमांत निर्णयाला आव्हान देण्याची आणि चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय आहे. आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, म्हणजे ते उगाच कोणी देऊ नये अशीही तजवीज आहे. ज्या संयोजकांना खेळाडूवर बंदी घालायची आहे, त्यांनी आधी त्याच्या गाऱ्हाण्याला दार ठेवले पाहिजे. गाऱ्हाणे ऐकणारे कोणी नसेल, तर नुसती बंदी हा अर्धाच न्याय होय. पण खांद्याचा प्रश्न सुटला तरी हाताचा सुटत नाही. उद्या कोणी सिद्ध केले की माझा खांदा लागला नव्हता, तर माझी हार पुसली जाईल. माझा धक्का पुसला जाणार नाही.

अन्याय झाल्यावर मल्लाने काय करावे, याचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या निवडीत डावलले गेले, तेव्हा त्यांनी कोणाची कॉलर धरली नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती घडवून घेतली आणि ती मारून आपली जागा मिळवली, असे सांगतात. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीइशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना नियमाप्रमाणे विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लाशी खेळावे लागले. त्यांच्या बाजूने बोलायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक गळ्यात घालून परतले. त्यांच्यावरचा अन्याय आज आपण सांगतो तो मान ताठ ठेवून. कारण त्या हकीकतीत त्यांनी लपवावे असे काही नाही.

बंदी किती काळाची असावी, याविषयी मतभेद होतील. मातोसला जन्मभराची मिळाली. २०२२ साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवडचाचणीत पंचांना मारणाऱ्या सतेंद्र मलिक या मल्लावरही भारतीय कुस्ती महासंघाने आजन्म बंदी घातली. मोठ्या मैदानांचे न्याय मोठ्यांनी करावेत. मी एवढेच सांगू शकतो, की पंधरा वर्षांच्या मुलाला एक वर्ष पुरले. कारण त्या वर्षभर त्याला करायला काम होते आणि परतायला वाट होती. वर्ष माफ झाले असते, तर मी काहीच शिकलो नसतो. वाट बंद झाली असती, तर शिकून काही उपयोग नव्हता.

अलीकडे मीही आमच्या भागातल्या दंगलींत पंच म्हणून उभा राहतो. एकदा एका मुलाने निर्णय ऐकताच मुठीत माती घेऊन माझ्या तोंडावर फेकली. समितीतले काही जण म्हणाले, या पोराला पुन्हा कधीच मैदानात येऊ देऊ नका. त्याच्या गावची मंडळी म्हणाली, लेकरू आहे, सोडून द्या. मी दोन्ही गोष्टींना नकार दिला. त्याला एक वर्षाची बंदी द्या, असे मी सांगितले, आणि पुढच्या दंगलीला त्याला माझ्या शेजारी बसवायचे ठरवून घेतले.

मुलगा रडत होता. ‘खांदा लागला नव्हता,’ असे पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि डोळ्यांतली माती पुसत म्हणालो, ‘नसेलही लागला, बाळा. खांद्याची माफी नको मागू.’